गुलाबी दप्तराचा मानकरी

ओरिन टॅकेट बारा गावचं पाणी प्यायलेला होता, आणि त्याच्या बाबतीत बारा हा आकडाही कमीच पडला असता. टोलेडो, चॅटनूगा, रीनो, लरेडो, मेक्सिकोतलं मोनक्लोवा, एकदा तर थेट तैवान. सगळीकडे काम एकच. बेसबॉलचा सामना रंगात आला आणि मुख्य पिचरचा हात थकला, की कुंपणाआडून धावत यायचं, चार फलंदाजांना गप्प करायचं आणि खांद्याला बर्फ लावून बसायचं. अशा राखीव पिचरचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही. छप्पर गळायला लागल्यावर वर चढवलेल्या माणसाचं नाव तरी कोण विचारतं?

वय सदतीस, हात डावा. चेंडूला वेग म्हणाल तर नाहीच, पण वळवायचा असा की फलंदाज बॅट फिरवून झाल्यावर स्वतःवरच चिडायचा. एवढं असूनही त्याची सगळी हयात खालच्या लीगमध्ये गेली. वरच्या लीगमध्ये चाळीस हजार माणसं सामना बघायला येतात आणि खेळाडूंना स्वतःच्या बॅगा उचलाव्या लागत नाहीत. तिथून त्याला एकदाच बोलावणं आलं होतं, बारा वर्षांपूर्वी. तीन दिवस तो कुंपणाआड बसून राहिला, पोटभर जेवला आणि चौथ्या दिवशी त्याला परत धाडलं. हातातून एकही चेंडू सुटला नाही.

"एक तरी चेंडू टाकलास का रे तिथे?" हा प्रश्न त्याला गावच्या, पाइकव्हिलच्या न्हाव्याने विचारला, पाद्र्याने विचारला, आणि सासूने तर दर नाताळला न चुकता विचारला. उत्तर देऊन देऊन त्याची जीभ झिजली. वरच्या लीगच्या फलंदाजाला एक खराखुरा चेंडू टाकायचा, मग तो त्याने मैदानाबाहेर का भिरकावेना, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

सासू म्हणजे वर्ना. केंटकीच्या डोंगरातली, शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढता वाढता म्हातारी झालेली, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा यावा. जावयाला दशमग्रह म्हणतात. या ग्रहाची वर्नाने कधी शांती केली नाही, उलट रोज त्यालाच साडेसाती लावली. ओरिन हिवाळ्यात मेव्हण्याबरोबर लोकांच्या घरांना पन्हळी बसवायचा. चर्चमधल्या बायकांनी "जावई काय करतो?" असं विचारलं की वर्ना सांगायची, "पन्हळी बसवतो." बाकीचं ती गिळून टाकायची.

त्या ऑगस्टमध्ये स्टीमर्स संघाच्या डावखुऱ्या पिचरला शिंकताना पाठीत उसण भरली. शिंक त्याची, नशीब ओरिनचं. दुसऱ्या दिवशी तो तळ्याकाठच्या त्या मोठ्या शहरात, स्टीमर्सच्या बुलपेनमध्ये हजर होता. बुलपेन म्हणजे लेफ्ट फील्डच्या कुंपणामागचं राखीव पिचरांचं आवार: एक बाक, एक फोन आणि सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा गालिचा.

तिथे पोचताक्षणी कीगनने त्याच्यापुढे एक दप्तर धरलं. कीगन तेवीस वर्षांचा होता आणि दाढी येण्याची वाट बघत होता. दप्तर भडक गुलाबी, पहिलीतल्या मुलीचं असावं तसं, त्यावर एकशिंगी घोडा, आणि हलवलं की शिंगात दिवा लुकलुकायचा.

"हे काय?" ओरिनने विचारलं.

"खाऊचं दप्तर. बुलपेनमध्ये जो सगळ्यात नवा, त्याने वागवायचं. गोळ्या, च्युइंगगम, बिया, मलम, सगळ्याची जबाबदारी त्याची."

"अरे, मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे."

"पण वरच्या लीगमध्ये तुमचा जन्म आज झालाय," बाकावरून एस्टेबान म्हणाला. एस्टेबान शेवटच्या डावाचा पिचर, बुलपेनचा राजा, डोमिनिकन, तोंडात कायम बिया. "आणि आजोबा, दप्तर जमिनीवर टेकवायचं नाही. टेकलं की सगळ्या बुलपेनला मांसाची थाळी तुमच्याकडून."

दुसरा एखादा रागावला असता. ओरिनने पट्टे सैल केले, दप्तर पाठीवर चढवलं आणि विचारलं, "कुणाला काय हवंय?" सगळे जे हसले ते त्याच क्षणापासून त्याचे झाले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, एवढंच त्याला वाटलं, आणि त्यालाही हसू आलं.

दोन आठवडे तो दप्तर वागवत राहिला. खांदा गरम करायला कुणी सांगायचं नाही. सामन्यात तसे प्रसंगच येत नव्हते. आले की मॅनेजर प्रुइट तरण्या पोरांना बोलवायचा. नव्याचं आणखी एक काम असतं, दर डावाच्या आधी लेफ्ट फिल्डरबरोबर चार चेंडू फेकाफेकी करून त्याचा हात मोकळा ठेवायचा. ओरिन पाठीवर घोडा घेऊन तेही करायचा. मग शनिवारी बातमी आली की उसणवाल्याची पाठ बरी झाली, सोमवारी तो परत येतोय. म्हणजे ओरिनकडे उरला एक रविवारचा दुपारचा सामना.

त्या सामन्याला बायको डीना आईला गाडीत घालून घेऊन आली. सकाळी हॉटेलच्या दारात वर्नाने त्याच्या हातात पत्र्याचा डबा ठेवला.

"चॉकलेटच्या वड्या आहेत. पोरांना दे. तू खाऊ नकोस, शर्ट आधीच ताणलाय."

"सासूबाई, आज सामना बघणार ना?"

"बघणार कसली? रविवार आहे, प्रवचन बुडतंय माझं." तिने कानातली रेडिओची वायर दाखवली. ती वायर तिच्या कानात वर्षानुवर्षं असायची. घरात कुणी काही विचारलं की ती म्हणायची, प्रवचन चाललंय, मध्ये बोलू नका. "आज तरी टाकणारेस का एखादा चेंडू, की नुसताच घोडा मिरवणारेस?"

"बोलावलं तर टाकेन."

"बोलावलं तर," वर्ना म्हणाली आणि डीनाकडे वळली. "गाडी सावलीत लाव."

सामना चांगला चालला होता, म्हणजे ओरिनच्या दृष्टीने वाईट. दोन-दोन अशी बरोबरी. आठवा डाव लागला तसा कीगन पिचिंगला गेला. जाताना त्याने तिसरी वडी तोंडात कोंबली. "आजोबा, तुमच्या सासूला माझ्यासाठी धाकटी मुलगी आहे का?"

"आहे. पण सासूही तीच मिळेल, विचार कर."

ओरिनने लेफ्ट फिल्डरबरोबर फेकाफेकी केली. आज शेवटचंच म्हणून जरा जास्तच केली, जोर लावून, वळवून. लेफ्ट फिल्डर ओरडला, "अरे, हळू, माझी बोटं मला लागतात!" ओरिन आत येऊन बसला, दप्तर मांडीवर. खांदा छान ऊबदार झाला होता. वाया गेला, त्याच्या मनात आलं.

कीगनने पहिला फलंदाज बाद केला. दुसऱ्याने त्याला घाम फोडला, तेव्हा पिचिंग कोच मैदानात जाऊन दोन शब्द बोलून आला. दुसराही बाद झाला. तिसऱ्याला मात्र कीगनने चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकटात दिला. त्यातला एक तरी चेंडू आत होता, असं सगळ्या मैदानाला वाटलं, आणि प्रुइटला तर जास्तच वाटलं. प्रुइट तापट, पोट पुढे, तोंड लाल. तो तणतणत उठला आणि पिचरच्या उंचवट्यापाशी जाऊन कीगनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पंच आंधळा आहे, तू टाकत राहा."

आंधळा पंच तिथवर चालत आला.

"प्रुइट, हा दुसरा फेरा."

"पहिलाच आहे."

"पहिला तुझ्या कोचने मारला. याच डावात, याच पोराकडे. दुसऱ्या फेऱ्याला पिचर बाहेर. नियम तुला मी शिकवायचा का?"

प्रुइटचं तोंड लालाचं पांढरं झालं. कोच येऊन गेल्याचं तो रागाच्या भरात साफ विसरला होता. रागाने त्याच्यावर अशी वेळ काही पहिल्यांदा आणली नव्हती, पण चाळीस हजार लोकांसमोर आणली ती पहिल्यांदाच.

बुलपेनमधला फोन खणाणला. बुलपेनचा कोच लूई याने उचलला, ऐकलं, आणि बाकावर नजर फिरवली. एस्टेबानच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. त्याचं काम नवव्या डावात. बाकीचे दोघे वड्या खात होते.

"खांदा कुणाचा गरम आहे?" लूईने विचारलं.

मग सगळ्यांनी एकदमच ओरिनकडे पाहिलं.

"आजोबा," एस्टेबान म्हणाला, "पळा."

ओरिन पळाला. कुंपणाचं दार उघडलं, समोर एवढं मोठं हिरवं गवत, आणि त्याला काहीच ऐकू येईना. अर्ध्या वाटेवर ऐकू यायला लागलं तेव्हा लोक हसत होते. आधी डावीकडचे, मग सगळेच. त्याने वर मोठ्या पडद्यावर पाहिलं. पडद्यावर एक टकलू माणूस धावत होता आणि त्याच्या पाठीवर गुलाबी दप्तरावरच्या घोड्याचं शिंग लुकलुकत होतं.

दोन आठवड्यांची सवय. उठलं की चढवायचं, टेकवायचं नाही.

उंचवट्यावर सगळे त्याची वाट बघत होते. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचर मूनीने मुखवटा वर केला. "खाऊ आणलास वाटतं?"

"वड्या आहेत," ओरिन म्हणाला. दुसरं काय बोलणार?

"ते गाढव खाली ठेव आणि सुरू कर," पंच म्हणाला.

"घोडा आहे. आणि खाली ठेवता येत नाही."

"का?"

"टेकलं की थाळ्या द्याव्या लागतात."

पंचाने प्रुइटकडे पाहिलं. प्रुइटने खाली पाहिलं. तीस वर्षांपूर्वी तोही राखीव पिचर होता, आणि त्याच्या काळात दप्तराऐवजी बाहुलीची गाडी असायची. त्याने मुकाट्याने हात पुढे केला, दप्तर घेतलं, आपल्या रुंद पाठीवर एका खांद्याला अडकवलं आणि परत निघाला. शिंग लुकलुकत होतं. लोक उठून उभे राहिले आणि त्यांनी प्रुइटला अशा टाळ्या दिल्या की त्या त्याला उभ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या.

ओरिनने सरावाचे आठ चेंडू टाकले. ते हिशोबात धरत नाहीत. माती मऊ होती, चेंडू बोटांत नीट बसत होता. मग फलंदाज पुढे आला, पंच म्हणाला, "खेळा," आणि जगात फक्त मूनीचा हातमोजा उरला. आता टाकायचा. हा धरतात.

डावखुऱ्या पिचरचं तोंड पहिल्या बेसकडे असतं. तिथे कीगनने फुकटात चढवलेला डुगन उभा होता, भन्नाट पळणारा. तो बेस सोडून चांगला चार पावलं पुढे सरकला होता, आणि अजून हसत होता. कारण खेळाडूंच्या बाकापाशी प्रुइट दप्तर अडकवायला खुंटी शोधत होता, खुंटी सापडत नव्हती, आणि जमिनीवर ठेवायची सोय नव्हती. डुगनची नजर तिकडे, वजन पुढच्या पायावर, मागची टाच उचललेली. झोपलेला माणूस.

ओरिनला ते दिसलं, आणि ज्या क्षणी दिसलं त्याच क्षणी सगळा हिशोबही दिसला. पहिल्या बेसवर फेकलं तर डुगन बाद, तिसरा गडी, डाव संपला, आणि ती फेक फलंदाजाला टाकलेला चेंडू म्हणून धरत नाहीत. नवव्या डावात एस्टेबान येणार. उद्या उसणवाला येणार. म्हणजे चेंडू टाकायचा राहिला तो राहिलाच. आणि मूनीकडे टाकला तर? तर तो चेंडू त्याचा. कुणी एक शब्द बोललं नसतं. कुणाला कळलंही नसतं.

एक चेंडू, फक्त एक. आधी तो टाकू, मग डुगनला बघू. पण डुगन काय दुसऱ्या चेंडूपर्यंत झोपून राहणार होता? हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, हे त्याच्या बापाने त्याला कोंबड्या पकडायला शिकवताना सांगितलं होतं. आणि गळतं थांबवायला वर चढवलेल्या माणसाने आधी गळतंच थांबवायचं असतं. त्याला मनापासून वाईट वाटलं. मूनीचा हातमोजा किती छान दिसत होता.

त्याने पाय उचलला, आणि पहिल्या बेसवर फेकलं.

डुगन हसता हसताच मागे वळला आणि मातीत आडवा झाला, पण बेसवरच्या ओकाफोरने त्याच्या हाताला चेंडू कधीच टेकवला होता. बाद. डाव खलास. मैदान एकदम उसळलं. ओरिन चालत बाकाकडे आला तेव्हा प्रुइट दप्तर पाठीवर घेऊन तसाच उभा होता.

"टॅकेट," तो म्हणाला. मग दप्तरातून एक वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "पुढचा डाव एस्टेबान बघेल. बस."

ओरिन बसला. वडी गोड होती. डोळे जरा ओले झाले होते, ते त्याने टोपीआड केले. आता आठव्या डावातली फलंदाजी स्टीमर्सची होती, आणि ओकाफोरने चेंडू सरळ कुंपणापार पाठवला, होम रन, तीन-दोन. नवव्यात एस्टेबानने तिघांना बॅट हलवू दिली नाही. संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत ओरिन बूट सोडत होता तेव्हा कीगन आला. त्याच्या तोंडावर काहीतरी भलतंच होतं.

"आजोबा, जिंकलेला पिचर तुम्ही."

"चल, पळ."

"खरंच. आपण पुढे गेलो तेव्हा शेवटचा पिचर कोण होता? तुम्ही. विजय तुमच्या नावावर."

"अरे, मी एकही चेंडू टाकला नाही."

"तेच तर," कीगन म्हणाला. "बाहेर पत्रकार वेडे झालेत."

आणि मग मागून सगळे आले. पहिला विजय मिळालेल्या पिचरचं वरच्या लीगमध्ये काय करतात ते ओरिनला ठाऊक होतं. पंधरा वर्षं त्याने ते फक्त ऐकलं होतं. त्याला उचलून धोब्याच्या कपड्यांच्या गाडीत कोंबलं. गुडघे कानाला लागले. गाडी घरंगळत न्हाणीत नेली आणि वरून जे हाताला लागेल ते ओतलं: बिअर, दूध, केचप, मोहरीची चटणी, कुणीतरी नाश्त्याच्या मक्याच्या पोह्यांचा खोका. एस्टेबान स्पॅनिशमध्ये गात होता. प्रुइटने शेवटची बादली ओतली, थंडगार पाण्याची, आणि वाकून म्हणाला, "माझी लाज राखलीस." ओरिन गाडीत बसून इतका हसला की त्याच्या नाकात दूध गेलं. उद्याचं उद्या.

निघताना एस्टेबानने दप्तर त्याच्या गळ्यात घातलं. "हे तुमचं. कीगनसाठी नवं आणू, याच्यापेक्षा वाईट."

बाहेर खेळाडूंच्या दारापाशी डीना आणि वर्ना थांबल्या होत्या. डीनाने त्याला तसाच, चिकट, मिठी मारली, थोडी रडली, थोडी हसली, आणि गाडी आणायला गेली. उरली सासू.

"वास काय मारतोय."

"केचप, दूध, बिअर. थोडी मोहरी."

"एवढ्यात मी शंभर पोरं जेवू घातली असती." तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एक तरी चेंडू टाकलास का?"

"नाही, सासूबाई."

"टाकता आला असता."

ओरिनने कानातली मोहरी पुसली.

"डुगनची टाच वर होती," वर्ना म्हणाली. "तू बघितलीस, आणि मग मूनीकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा मूनीकडे टाकतोय. आणि टाकला असतास तर माझं काही म्हणणं नव्हतं. मोनक्लोवात असाच एक सुटला होता तुझ्या हातून, त्यानंतर तुम्ही हरलात."

"मोनक्लोवा तुम्हाला कसं माहीत?"

तिने कानातली वायर काढली आणि बोटाला गुंडाळायला लागली.

"तिकडचं समालोचन स्पॅनिशमध्ये असायचं. मला त्यातलं तुझं नाव तेवढं कळायचं, बाकीचं डीनाकडून आडून आडून काढून घ्यायचे. टाकेत, टाकेत. ते आलं की मी भांडी घासायची थांबायचे. तैवानचं तर पहाटे लागायचं, त्यात नावसुद्धा धड कळायचं नाही. लोक ओरडले की समजायचं, तू आलास."

"तुम्ही प्रवचन म्हणायचात."

"मग काय म्हणायचं? जावयाचे सामने ऐकते? डोक्यावर बसला असतास माझ्या." तिचा आवाज जरा हलला, तेवढाच. "बायका विचारायच्या, जावई काय करतो. मी पन्हळी सांगायचे. पिचर म्हटलं की त्या विचारणार, एक तरी चेंडू टाकला का, आणि तुझ्यावर हसणार. माझ्या जावयावर मीच हसेन. त्यांनी कशाला?"

ओरिनने नुसतं तिचं बोट, वायर गुंडाळलेलं, आपल्या चिकट हातात धरलं, आणि तिने ते धरू दिलं.

डीनाने समोर गाडी आणून लावली. ओरिनने दोन्ही हातांत बॅगा उचलल्या. वर्नाने त्याच्या गळ्यातलं दप्तर काढून घेतलं.

"हे टेकवायचं नाही ना जमिनीवर?"

"नाही."

तिने ते आपल्या पाठीवर घातलं, दोन्ही पट्टे नीट ओढून, आणि रस्ता ओलांडायला निघाली. दारावरच्या पहारेकऱ्याला हसू आवरेना. "बाई, नातीचं का?"

वर्ना थांबली. शिंग लुकलुकत होतं.

"जावयाचं," ती म्हणाली. "पिचर आहे तो."